तिसरीचा वर्ग आता फार शांत असतो

११ नोव्हेंबर
कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या? आईनं अंगणातून विचारलं. कुकरपासून दोन हातांवर वह्या तपासत बसले होते, तरी मला सांगता आलं नाही. डाळीचा लगदा झाला. आई म्हणाली, बीए झाली अन् चार शिट्ट्या मोजता येत नाई का वं तुले? मी सांगितलं, कामात एकाग्र होते. एकाग्रता हा माझा जुना गुण आहे.

१३ नोव्हेंबर, सकाळी ६
किडनीच्या इन्फेक्शनवर ऑगस्टमध्ये इंजेक्शनं घेतली, त्याला तीन महिने झाले. हाय पॉवर अँटिबायोटिक, चौदा दिवस, एकही डोस चुकवला नाही. कानात बारीक टीऽऽ वाजत राहतं, तेवढंच. या औषधानं कधी कधी कानावर परिणाम होतो, तसं वाटलं तर लगेच टेस्ट करा, असं डॉक्टर म्हणाले होते. मला तसं वाटत नाही. आत्ता मालगाडी गेली. पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकू आली. कान उत्तम.
संकल्प: बाबांच्या कानांची टेस्ट करून घेणे. तीस वर्षं रोलिंग मिलमध्ये काढली. आता टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारचे आनंदराव स्वतःच्या घरात बसून आमच्या बातम्या ऐकतात. त्यांच्यामुळे आम्ही सगळे ओरडूनच बोलतो. घरातल्या पहिल्या ग्रॅज्युएटनं हे बघायला नको?

१८ नोव्हेंबर
कुम्हारीच्या हिंदी शाळेत लागून पाच महिने. तिसरीच्या मुलांवर ओरडायचं नाही, हात उगारायचा नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. तेव्हा फार गोंगाट असायचा. आता फळ्याकडे वळून लिहिते तेव्हा मागे पूर्ण शांतता. प्रेमानं शिस्त येते हे सिद्ध झालं. यावर लेख लिहिणे.
चौथीच्या टीना मॅडमचा वर्ग शेजारी आहे. तिचा मेसेज आला, तेरी क्लास है कि सब्ज़ी मंडी? टीना मनानं चांगली आहे. पण मत्सर कोणाला सुटला आहे?
२९ तारखेला प्रिन्सिपल मॅडम मागच्या बाकावर बसून माझा तास बघणार. आवडला तर पर्मनंट. बाबांनी अख्ख्या गल्लीला आधीच सांगून ठेवलं आहे.

२१ नोव्हेंबर
डबा आता वर्गातच खाते. स्टाफरूममध्ये सगळ्या एकदम बोलतात आणि एकदम हसतात. मीही हसते, पण मला जरा उशीर होतो. तो वेळ वाचनाला देणे.
(वाचन झालं नाही. खिडकीतून हायवेवरचे ट्रक बघितले.)

२२ नोव्हेंबर
आठवडाभर कोणाचा फोन नाही. लोक विसरतात, आपण वाईट वाटून घेऊ नये.
संध्याकाळी: अकरा मिस्ड कॉल. नेटवर्क बदलणे.

२४ नोव्हेंबर, रविवार
बाबांशी टेस्टबद्दल बोलले. ते म्हणाले, मले आता काय ऐकाचं रायलं हाय? मी तासभर समजावलं. आपल्यातली कमी लपवण्यात शहाणपण नाही, वगैरे. त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, तू माया ओठाकडं कावून पाहून रायली वं? आमी मिलमधे असंच पाहत होतो.
विषय बदलण्यात बाबा पटाईत आहेत. तरी २ तारखेचा नंबर लावला. त्यांच्या नावानं.

२९ नोव्हेंबर
तास उत्तम चालला होता. झाडाला वाढायला काय काय लागतं, असं विचारलं. दुसऱ्या बाकावरची रीना उभी राहिली. इवलासा जीव, काहीतरी बोलली. मी म्हटलं, व्हेरी गुड, बैठो. ती परत उभी राहिली. परत व्हेरी गुड. तिसऱ्यांदा उभी राहिली तेव्हा तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, आत्मविश्वास कमी पडतोय. मी वर्गाला टाळ्या वाजवायला सांगितल्या.
सगळ्यांनी वाजवल्या.
मग फरशी ओली दिसली. प्रिन्सिपल मॅडम उठल्या आणि रीनाला बाहेर घेऊन गेल्या.
ती टॉयलेटला जाऊ का विचारत होती. तीनदा.

३० नोव्हेंबर
रीनाच्या घरी गेले. ती दारामागून बाहेर आली नाही. तिची आई रागावलीसुद्धा नाही. म्हणाली, बच्चे तो जानते हैं मॅडम, आपको सुनाई नहीं देता. ये रोज़ बताती है. ज़ोर से बोलने में इसको शरम आती है.
बच्चे जानते हैं. म्हणजे मी सोडून सगळे.
लेखाची वही फाडली. दोनच पानं लिहिली होती.

२ डिसेंबर
बाबा टेस्टला आले, पण नंबर आला तेव्हा मलाच पुढे ढकललं. पयले तू बस, म्हणाले.
काचेची खोली, कानांवर हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला दोन-चार जाडे आवाज आले, मग मी बटण धरून वाट बघत बसले. मशीन बंद पडलं असं समजत होते. काचेपलीकडची बाई हातानं खुणावत होती, टेस्ट संपली.
बारीक आवाज गेले आहेत, ते परत यायचे नाहीत. कानात मशीन लावून थोडं भागेल. बसमध्ये बाबा एकदाही ओरडून बोलले नाहीत. मिलमध्ये बोलायचे तसं, नुसते ओठ हलवत होते.

३ डिसेंबर, दुपारी २
प्रिन्सिपल मॅडमसमोर रिपोर्ट ठेवला. त्या वाईट बोलल्या नाहीत. समोर बघून, सावकाश बोलल्या. मोठी मुलं तुला ऐकू येत असतील तर वरचा वर्ग बघू, म्हणाल्या. मग आमची शाळा पाचवीपर्यंतच आहे हे आम्हा दोघींना एकदमच आठवलं.
राजीनाम्याचा अर्ज मी लिहूनच नेला होता. ज्या मॅडमला मूल बोलवतं आहे हे कळत नाही, तिला लहान मुलांबरोबर एकटं ठेवू नये. खाली सही. मॅडमनी दोनदा वाचला आणि ठेवून घेतला.
वर्गात गेले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, मुझे सुनाई नहीं देता. वळून बघितलं. एकाही मुलाला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.
हजेरीपट टीनाच्या हातात दिला आणि साडेअकराच्या बसनं घरी आले.