तळ्याची पूर्वेकडची भिंत

बाबा, तळ्याची पूर्वेकडची भिंत या उन्हाळ्यात काढली. तुमच्यामागे गावाने त्यासाठी माझाच होकार मागितला, तेव्हा तुम्हाला सांगणंही माझ्याकडेच आलं.

भाऊ गेला तो काठ हाच. तेव्हा तिथे पाण्यापर्यंत उतरतं गवत होतं. आई धुणं धूत होती आणि तो तीन वर्षांचा जीव बेडकामागे की कशामागे पाण्यात उतरला. आईची पाठ वळायचाच काय तो अवकाश. त्या वर्षी तुम्ही शेताकडे पाहिलं नाहीत, खाणीतला काळा दगड आणवलात. चारी बाजूंनी कशाला, एवढी उंच कशाला, असं लोक म्हणत होते, पण तुम्ही हट्टाला पेटलात की कुणाचं चालायचं? एक संध्याकाळ अजून दिसते: तुम्ही त्याच तळ्यातून बादलीने पाणी शेंदून नव्या भिंतीवर मारताय, सिमेंट पक्कं व्हावं म्हणून. मी वर पाय सोडून बसलेय. तुम्ही बादली ठेवता, मला दंडाला धरून खाली उतरवता. "परत हितं दिसलीस तर तंगरं मोडीन." एवढं बोललात, आणि मग माझा दंड सोडायलाच विसरलात. पुढे दोन पावसाळ्यांनी तुम्हीही गेलात.

भिंत पक्की झाली, बाबा, पण तळं वांझ झालं. मरळ मासळी काठच्या उथळ पाण्यात, गवतात जागा करून अंडी घालते. सरळसोट दगडाला उथळ काठ कुठला? दरवर्षी बाहेरून प्लास्टिकच्या पिशव्यांतून पिल्लं आणून सोडायची, ती मोठी व्हायची, कुणाच्या तरी कालवणात जायची आणि तळं पुन्हा रिकामं. शेजारची गावं विमानतळाच्या भरावाखाली चाललेली, ओढे बुजलेले. आपलं एक तळं राहिलंय, त्यात तरी मासा आपला आपण जन्मावा, असं गावात ठरलं. एक बाजू मोकळी करायची, मातीचा उतार करायचा, काठाला गवत आणि लव्हाळी लावायची, पाण्यात झाडाच्या फांद्या टाकायच्या. पूर्वेची बाजूच त्यातल्या त्यात कमी खोल.

तुमचे दोस्त, आपले शेजारचे काका, एवढ्यासाठी कामोठ्याला माझ्या घरी आले. चहा निवला तरी कप उचलेनात. शेवटी म्हणाले, "बाय, भिंत तुज्या बापाची हाय. तू नको बोललीस तं आमी हात लावनार नाय." तुमची बादली डोळ्यांसमोर होती. मग म्हटलं, काढा. पण उतारापुढे बांबूचं कुंपण पाहिजे. ते त्यांनी घातलं, मी स्वतः हलवून पाहिलं.

श्रावणात गेले तर लव्हाळ्याजवळ पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका वळवळत होता. खाली मरळीची जोडी पहाऱ्याला. काकांनी काठी जवळ नेली तसा नर उसळून काठीवर आला. काका हसले. मला तुमची आठवण आली आणि रडू आवरेना. काकांनी तोंड दुसरीकडे केलं, विडी पेटवली.

गावातल्या घरी येऊन आईला सांगितलं. भाऊ गेला त्या दिवसापासून ती तळ्याच्या वाटेने गेलेली नाही, तळ्यातला मासाही तिने कधी चुलीवर चढवला नाही. तांदूळ निवडत होती, तशीच निवडत राहिली. मग विचारलं, "पानी कवरं हाय तितं?"

"गुडघ्याच्याही खाली, आये. भ्यायचं काही नाही."

"त्याला तवरंच पुरलं."

ती तांदूळ उचलून आत गेली. रात्री जेवणं नेहमीसारखी झाली.

हे लिहिलेलं मी कुठे पाठवणार? आईला वाचून दाखवायचा तर धीरच नाही. गावाला वाटतं, दर रविवारी मी पिल्लं बघायला येते. काका तर कौतुकाने चारचौघांत सांगतात. खरं तुम्हालाच सांगते, बाबा. तळ्यावर गेले की मासे मला नंतर दिसतात. आधी मी कुंपणाजवळची पोरं मोजते.