हिरामणची वीज

सौ. ललितास, सिन्नरहून सावळीरामची आठवण.

मी बरा हाय, जेवण वेळेवर मिळतं. आईचा गुडघा कसा हाय?

आपल्या पाड्यावर लाईन नाय, तरी हिरामणने ओढ्यावर चाक बसवून वीज काढली, चांगलं झालं. पण त्याच्याकडे फोन चार्ज करून तू मला त्याचंच कौतुक ऐकवतेस. दिवेलागणीला त्याच्या बल्बला हातपण जोडलेस, आई सांगत होती. उन्हाळ्यात ओढा आटला की बघू त्याचं चाक कसं फिरतं.

दिवाळीला मी सोलर घेऊन येतो. तोवर आपल्या घरात चिमणी लाव आणि हात तिलाच जोड. फोन बंद पडला तरी चालेल. मी पत्र लिहीन.

तुझाच,
सावळीराम