मामंजींचं विमान आणि शेपटीचा हार

कामोठे,
दसऱ्यानंतरचा सोमवार

ती. वैदेही वन्संना,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते आणि त्याच पायांशी तुमच्या भावाची तक्रारही ठेवते. (गुडघे आता माझेही कुरकुरतात, तेव्हा दोन्ही कागदावरच मान्य करून घ्या.) तुमची कंबर कशी आहे? मी पाठवलेलं तेल लावताय की बाटली देवघरात नुसती उभी आहे? चिपळुणातला पाऊस आता आटपला असेल, आणि शेजारच्या गोजराची म्हैस तुमच्या परसातली अळूची पानं खायला पुन्हा हजर झाली असेल. इकडे आम्ही दोघं तब्येतीने ठणठणीत आहोत. एकमेकांशी बोलत नाही, एवढंच. म्हणजे मी बोलत नाही, कारण मी चिडले आहे. तुमचे बंधू का बोलत नाहीत ते त्यांनाच ठाऊक, चिडण्याचा हक्क त्यांच्याकडे मुळीच नाही. हे सगळं फोनवर सांगायला गेले की तुम्ही "जाऊ दे गं, तो लहानपणापासून तसाच" म्हणता आणि विषय मिटवून टाकता. म्हणून पत्र लिहिते आहे. कागद मध्ये बोलत नाही.

मी या वयात विमानं का बांधते ते तुम्हाला पहिल्यापासून सांगायला हवं. आमची श्रुती नोकरीसाठी बंगळुरूला जाताना तिचा जुना कॉम्प्युटर आमच्याकडे टाकून गेली, त्यात हा खेळ होता. मारामारी नाही, राक्षस नाहीत. एक मोकळं मैदान, पलीकडे समुद्र आणि पेटाऱ्यात विमानाचे सुटे भाग. पंख, चाकं, इंजिन, पत्रा, कापड, काय हवं ते. जोडायचं आणि उडवायचं. मात्र प्रत्येक भागाला खरं वजन असतं आणि तिथली हवाही खऱ्या हवेसारखी वागते, चुकीचं जोडलंत तर पडतं. बेलापूरच्या ऑफिसात मी सारी नोकरी नकाशे काढण्यात घालवली. माझा नकाशा साहेबांच्या टेबलावरून परत आला की रस्ता थोडा डावीकडे सरकलेला असायचा आणि उद्यान गायब झालेलं असायचं. (कुठे जायचं ते मला विचारू नका, पेन्शन चालू आहे.) या खेळात मी काढलेली रेघ जागची हलत नाही. जगभरातली माणसं तिथे खऱ्या विमानांच्या हुबेहूब प्रतिकृती करतात आणि एकमेकांच्या तपासतात. माझ्या पहिल्या विमानाच्या मागच्या चाकाचा दांडा बोटभर बारीक आहे असं एका जपानी गृहस्थाने मला कळवलं, तेही आधी क्षमा मागून. वन्सं, लग्न झाल्यापासून या घरात माझी कोणी क्षमा मागितली तर ती त्या जपान्यानेच.

तर मामंजींचं विमान. तुमच्या बैठकीत लावलेला तो फोटो तुम्ही रोज बघता, मी गेली पस्तीस-छत्तीस वर्षं रोज ऐकते आहे. मामंजी जुहूच्या फ्लाइंग क्लबात मेकॅनिक, दसऱ्याला घरच्यांना आत सोडायचे, तुम्हाला त्यांनी उचलून त्या दोन सीटच्या विमानात बसवलं आणि फोटो निघाला. मग तुमच्या बंधूंची पाळी आली, तेवढ्यात कोणी साहेब उगवले, त्यांना विमान हवं होतं, आणि मामंजी म्हणाले, पुढच्या दसऱ्याला. पुढच्या दसऱ्याआधीच ते विमान दुसऱ्या गावच्या क्लबाला विकलं गेलं. ही कथा मी लग्नाच्या पंगतीत ऐकली, श्रुतीच्या बारशाला ऐकली, आणि आता नव्या विमानतळावरून उठलेलं विमान कामोठ्यावरून गेलं की ऐकते. दिवसाला किती विमानं जातात त्याचा तुम्हीच विचार करा. शेवटी मी म्हटलं, हे विमान मी बांधून देते, त्यात एकदा बसा आणि माझे कान मोकळे करा.

तुम्ही मोबाईलवर पाठवलेल्या फोटोच्या फोटोवरून मी कामाला लागले. (काचेत तुमच्या ट्यूबलाइटची उजेडाची पट्टी आली आहे आणि एका कोपऱ्यात तुमचा अंगठाही आहे. तक्रार नाही, नुसतं सांगते.) माणसाच्या उंचीवरून पंखाची लांबी काढली, चाकावरून दाराची. कापडाच्या शिवणी मोजल्या. तुमचे बंधू मागे उभे राहून सूचना करत. पट्टा निळा होता, दार उजवीकडे होतं, बाबा असं करायचे, बाबा तसं करायचे. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की तुम्ही तेव्हा शाळेतही जात नव्हता, तुमच्या आठवणीवर विमान उडत नाही, फोटोत दिसेल तेवढंच होईल. ते गप्प बसले. मला वाटलं, पटलं.

या खेळात विमानाच्या पोटात दोन ठिपके दिसतात. लाल ठिपका म्हणजे सगळ्या वजनाचा मध्य, निळा म्हणजे पंख जिथून उचलतात तो मध्य. लाल जरासा पुढे आणि निळा जरासा मागे, तर विमान शहाण्यासारखं वागतं. हे ठिपके जागेवर यावेत म्हणून मी इंजिन केसभर पुढे घेतलं, टाकी मागे ढकलली, गणपतीत मोदकांचं सारण करतानाही डोक्यात ठिपके होते. आणि एके दिवशी संध्याकाळी ते विमान धावलं, शेपूट उचलली आणि असं अलगद उठलं की मी एकटीच टाळी वाजवली. तुमच्या बंधूंना हाक मारली, या, बसा. त्यांनी दारातून पाहिलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, आत्ता नको, दसऱ्याला.

बरं, दसऱ्याला तर दसऱ्याला. पण हा गृहस्थ सोसायटीचा सेक्रेटरी आहे हे मी विसरले. आमच्याकडे दसऱ्याला पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांची एकत्र पूजा होते. यांनी मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं की यंदा सोसायटीच्या स्वतःच्या विमानाची पूजा होईल आणि ते हॉलमध्ये पडद्यावर उडेल. मला न विचारता! अध्यक्ष मालतीबाईंनी (इथल्या मूळ गावातल्या, त्यांची शेतं जिथे होती तिथे आता आमचं पार्किंग आहे) लगेच पूजेचा मान घेतला. तळमजल्यावरचा अंकुश वकील माईक घेऊन समालोचन करायला तयार झाला, त्याला माईक कुठलाही चालतो. मी म्हटलं, कॉम्प्युटरला हळदकुंकू लावा आणि मोकळे व्हा. तर तुमचे बंधू म्हणाले की कॉम्प्युटर हे गॅरेज झालं, पूजा वाहनाची करायची असते.

आणि आता ऐका. दसऱ्याच्या सकाळी मी पुऱ्या तळत होते. तेवढ्या वेळात, ज्या माणसाला आजवर मोबाईलवर सुप्रभातचे मेसेज पुढे ढकलण्यापलीकडे काही जमलेलं नाही, त्याने माझा खेळ उघडला आणि विमानाला झेंडूचा हार केला. पेटाऱ्यातून गोळे काढले, नारिंगी रंगवले, एकापुढे एक ओवले. पुढे पंखा फिरतो, हार अडकेल म्हणून तो घातला शेपटीला. एवढा विचार केला. गोळा कशाचा आहे एवढं मात्र बघितलं नाही. तिथे काही सांगितलं नाही तर गोळा भरीव लोखंडाचा असतो. वन्सं, त्यांनी माझ्या विमानाच्या शेपटीला लोखंडाचा झेंडू बांधला.

मला ते हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, भिंतीएवढ्या पडद्यावर दिसलं. मी तिथेच विचारलं, हे काय?

"हार," ते म्हणाले. "दसरा आहे."

ठिपके बघायला मला एक क्षण मिळाला असता तरी पुरे होतं. पण मालतीबाईंनी तोवर पडद्यावरच्या विमानाच्या नाकावर खरंखुरं कुंकू लावलं होतं (पडदा पांढरा आहे, ते कुंकू आता सोसायटीच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणाच्या ना कोणाच्या कपाळी येणार), पायरीवर नारळ फोडला होता, आणि अंकुशने लिंबू कुठे ठेवायचं यावर लोकांची मतं घेऊन शेवटी ते माऊसखाली ठेवलं होतं, कारण माऊसला चाक असतं. पूजा झालेलं वाहन जागेवर उभं ठेवणं अशुभ, असं चारही बाजूंनी सुरू झालं. तुमचे बंधू नवा सदरा घालून माझ्या उजव्या हाताला खुर्ची लावून बसले होते. विमान वर गेलं की मी उठायचं आणि ते माझ्या जागी येणार, असं ठरलं होतं. मी लिंबावरून माऊस फिरवला आणि निघाले.

विमान धावलं. शेपूट उचलेना. मग नाकच वर झालं आणि ते देवळाच्या कळसासारखं सरळ उभं चढायला लागलं. लोक टाळ्या वाजवत होते. फायटर विमानासारखं, फायटर विमानासारखं, असं अंकुश माईकवर ओरडत होता. नाक खाली यावं म्हणून मी विमान वळवायचा दांडा पुढे दाबत होते, पुढे दाबत होते. वर जाऊन ते थांबलं, आणि मग तुमच्या वडिलांचं विमान शेपटीवर, हारासकट, समुद्रात गेलं. हॉलमधल्या टाळ्या थांबल्या आणि जिन्यातून कोणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली. मालतीबाई आरतीचं ताट घेऊन माझ्याजवळ आल्या आणि पाठीवर हात ठेवला.

"टेन्शन नका घेऊ अरुनाताई. माझ्या सुनेनं पन पयल्या दिवशी स्कूटी गेटवर घातली व्हती."

म्हणजे मला चालवता येत नाही! आता लिफ्टमध्ये बायका मला धीर देतात. एकीने करंजाडेच्या ड्रायव्हिंग स्कूलचा नंबर दिला. पार्किंगमध्ये मी नुसती चालत गेले तरी लोक आपापल्या गाडीपाशी जाऊन उभे राहतात. माझ्या मोजमापांना, माझ्या ठिपक्यांना, चार महिन्यांच्या कामाला कोणी विचारत नाही. आणि ज्यांनी हे केलं त्यांनी काय केलं? उठले, आपली खुर्ची घडी करून भिंतीशी ठेवली, आणि लिफ्ट चालू असताना जिन्याने वर गेले. तेव्हापासून घुमे आहेत. चिडायचं मी, रुसून हे बसले. मला दोष तरी द्यायचा, भांडायचं तरी. श्रीखंड तसंच उरलं आणि तेही मलाच संपवावं लागलं. वन्सं, मोठी बहीण म्हणून तुम्ही त्यांना खरमरीत चार ओळी लिहा, की कोणाच्या कामात न विचारता हात घालू नये आणि घातलाच तर निदान वजन बघावं. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील.

कुळथाचं पीठ कोणाबरोबर पाठवू नका, वाटेत सांडतं, मी दिवाळीत येऊन नेईन. तब्येतीला जपा, तेल लावा, आणि म्हशीला दगड मारू नका, मागच्या वेळी तुमचीच कंबर धरली होती.

तुमची, आणि सध्या तुमच्या भावाची कोणी नसलेली,
अरुणा

ता.क. पाकीट चिकटवायचं राहून गेलं ते बरं झालं. आज सकाळी तो लोखंडी हार काढून फेकायला मी विमान उघडलं. हे मागे येऊन उभे राहिले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले. "बाबा शेपटीलाच घालायचे. पुढे पंखा असतो ना." बस, एवढंच बोलून पेपर आणायला खाली गेले. मी तुमचा फोटो मोठा करून पाहिला. शेपटीजवळ जो काळपट डाग आहे, तो मी बुरशी समजून सोडून दिला होता, तो डाग नाही. फुलं आहेत, वन्सं. फोटोत दिसेल तेवढंच होईल म्हणणारीला फोटोत होतं तेच दिसलं नाही. वर खरमरीत ओळी लिहायला सांगितल्या आहेत, त्या लिहू नका. हार मी कापडाचा करून पुन्हा शेपटीला घातला आहे. दोन्ही ठिपके जागेवर आहेत आणि विमान छान उडतं.

ता.क. दुसरा. खरं काम हे आहे. एकदा चूक झाली म्हणून मी हट्टाला पेटले आणि फोटोत जे जे आहे ते सगळं विमानात घातलं. दांड्यामागच्या सीटवर तुम्हालाही बसवलं, दोन वेण्या, फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक, सगळं. दुपारी हे आले, खुर्ची ओढली, बसले, आत डोकावले आणि उठले. म्हणाले, ताई बसली आहे. मी म्हटलं, एक बटण दाबलं की जाईल. तर बटणाला हात लावू देत नाहीत. ताईला विचारल्याशिवाय उठवायचं नाही म्हणतात. तेव्हा पोस्टकार्डावर एकच ओळ, तुमच्या अक्षरात, त्यांच्या नावाने, की श्याम, आता तुझी पाळी. फोन करू नका. फोनवर ते तुम्हाला "बस गं, तूच बस" म्हणतील आणि पुन्हा विमानं मोजत बसतील. आणि तुम्हाला खाली कुठे उभं करू तेही कळवा. शेपटीशी, हाराजवळ जागा आहे. तिथे ऊन कमी लागतं.