अलेनाच्या आईचा फोन

फोरबर्ग, नेदरलँड्स, रविवार, ६ फेब्रुवारी २०२२

अजून राग गेलेला नाही.

करोनामुळे हळदीकुंकवाला चौघीच बोलावल्या होत्या. बाकीच्या गेल्या, वरच्या मजल्यावरची अलेना तेवढी थांबली होती. तेवढ्यात बेलारूसहून तिच्या आईचा फोन आला. म्हातारी युक्रेनच्या सीमेलगत एकटी राहते. रशियाचं सैन्य म्हणे सरावाला आलंय, गावातल्या शाळेतच मुक्काम ठोकलाय.

फोन ठेवून अलेना म्हणाली, "आई सांगतेय, सैनिक फार सभ्य आहेत. रणगाडेसुद्धा हळू चालवतात."

"मग उगीच कशाला घाबरतेस?" आमचे चिरंजीव निनाद. "मोठा शेजारी म्हटलं की थोडं चालायचंच."

अलेना पांढरीफटक पडली होती. "माझ्या आईनं जन्मात कुणाला चांगलं म्हटलेलं नाही. माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही."

सभ्य! मुलांच्या शाळेत तळ ठोकायचा आणि वर म्हातारीच्या तोंडून कौतुक? आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी असल्या सभ्यांना बाकावर उभं केलं असतं. निनादला म्हटलं, "गाढवा, फोन कोणी ऐकत असेल म्हणून ती गोड बोलतेय. एवढंही कळत नाही तुला?" त्यावर म्हणतो, "आई, पॉलिटिक्स नको." हे पॉलिटिक्स? सभ्य म्हणे!

मी अलेनाला विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

ती खाली बघून म्हणाली, "म्हटलं, त्यांना माझेही आभार सांग."

इथे, माझ्या सोफ्यावर बसून. तिलासुद्धा गोड बोलावं लागलं.