चिंधाचा बारावा

शिंदखेडा, १ डिसेंबर १९८९

ती. अक्कास, लताचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा सकाळी मुलगा झाला. तुझा लेक पितांबर आजारी, आईही तुझ्याचकडे, म्हणून माहेरपण मागितलं नाही. पण बाळंतविड्याचं लुगडं मी सोडलेलं नाही हं!

पहिला आठ महिन्यांचा होऊन मानेच्या गाठीने गेला, म्हणून सासूबाईंनी ठरवलंय, दहा तारखेला, रविवारी, बाराव्या दिवशी बाळाला उकिरड्यावर लोळवायचं, जाऊबाईंनी सुपात उचलून आणायचं. टाकलेल्या पोराकडे काळ बघत नाही म्हणतात. मलाही तेवढाच धीर. आईला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवावा.

तुझी लता

---

नशिराबाद, ८ डिसेंबर

चि. सौ. लतास, अनेक आशीर्वाद, वि. वि.

काल मुंबईहून परतलो. तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून ओळखीच्या कंडक्टरच्या हाती हे देते आहे.

पितांबरच्या रक्ताचा तपास झाला. त्याच्या पेशी जंतू गिळतात, पण त्यांना मारता येत नाही. मग शरीर भडकतं, आणि जंतू संपले तरी सूज उतरत नाही. हा आजार आईकडून मुलग्यांत उतरतो. तुझ्या बाळालाही असू शकतो गं.

घरात आणखी मुलगे गेले का, असं डॉक्टरांनी विचारलं. आपल्या दोन्ही भावांचं सांगितलं. धाकट्या नथ्थूला उकिरड्यावर ठेवलं आणि आठव्या दिवशी तो धाप लागून गेला, हेही सांगितलं. कुजलेल्या कचऱ्यातली बुरशी अशा मुलांच्या छातीत गेली की छाती पेटते, म्हणाले.

लता, तुझ्या पाया पडते, बाळाला तिकडे नेऊ देऊ नकोस. सासूबाई रागावल्या तर खापर माझ्यावर फोड. आणि आईला यातलं काही कळू देऊ नको. नथ्थूला तिनेच ठेवलं होतं.

तुझी अक्का

---

शिंदखेडा, ११ डिसेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

कंडक्टर आला तेव्हा बाळ सुपात होतं, न्यायचं तेवढं बाकी, आणि जाऊबाई अंगणात वाट बघत होत्या. तुझं पत्र वाचलं आणि मी बाळंतीण, तशीच उंबऱ्यात आडवी बसले. मग यांनी ते मोठ्याने वाचलं. सासूबाई आधी कडाडल्या, मी चार पोरं लोळवली, एकालाही शिंक आली नाही. मग त्यांनीच बाळाला सुपातून उचललं. म्हणाल्या, बठ्ठं देवना हातमा शे, पन उकिरडा आपला हातमा शे. म्हणजे बाकी सगळं देवावर सोडलं, उकिरडा तेवढा टाळला. बाळाचं एक दुपटं तेवढं उकिरड्यावर टाकलं, ते तिथेच राहू दिलं, आणि नाव ठेवलं चिंधा.

तू लिहिलं नसतंस तर नथ्थूसारखंच झालं असतं. पुढच्या महिन्यात तपासाला मुंबईला नेतो. जीव टांगणीला आहे. असाच लोभ राहू दे.

लता

---

नशिराबाद, १९ डिसेंबर

चि. सौ. लतास, अनेक आशीर्वाद, वि. वि.

पितांबरची सूज उतरते आहे. पण एक घात झाला. मी विहिरीवर गेले आणि तुझं पत्र आलं. आलेलं पत्र आजीला वाचून दाखवायची पितांबरला भारी हौस. त्याने अडखळत सगळं वाचलं.

मी आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. संध्याकाळी म्हणाली, उकिरड्यावर नथ्थू इतका शांत निजला होता, की तिला वाटलं, वाचला. आपल्यामुळेच तो गेला का, असं तिने विचारलं. मी नाही म्हटलं. ती रोज विचारते, मी रोज नाही म्हणते.

तपासाआधी चिंधाला घेऊन दोन दिवस इकडे ये. तिला त्याला बघायचंय, पण हात लावणार नाही म्हणते. तू काही विचारू नकोस, तिच्या मांडीवर नेऊन ठेव.

तुझी अक्का