बंदूक तिच्या मापाची, नाक माझं

मेव्हणे लुजेर यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा अल्फे याचा चुलीजवळच्या खुर्चीतून नमस्कार. तुमच्या गुडघ्याची चौकशी आधीच उरकून घेतो, कारण पुढे मला स्वतःबद्दलच बोलायचं आहे आणि मग ती राहून जाईल. फ्लोरिडाच्या उन्हात तो नीट वळत असेल अशी आशा. इकडे बटाटे काढून झाले, पॉपलर पिवळे पडले आणि देलविना ठणठणीत आहे. जरा जास्तच ठणठणीत आहे, म्हणून तर हे पत्र.

तुम्ही दक्षिणेला जाताना तुमच्या वडिलांची ती एकनळी बंदूक आमच्या माळ्यावर टाकून गेलात, आठवते? (टाकून गेलात असंच म्हणायला हवं, कारण तिच्यावर माझे रबरी बूट वाळत असत.) गेल्या हिवाळ्यात मी ती खाली काढली. म्हटलं, देलविनासाठी हिची एक छोटीशी, हलकी, रानात हिंडायची बंदूक करावी. नळी कापली, अर्थात कायद्याने जेवढी ठेवायची त्याहून बोटभर लांबच ठेवली, उगाच वनखात्याचा माणूस दारात नको. दस्ता कानशीने घासून घासून सडपातळ केला, आतून पोखरला, जवसाचं तेल पाजलं आणि जुन्या घोड्याच्या लगामाचा पट्टा लावला. मुख्य म्हणजे मापाचं काम! दस्ता हाताच्या लांबीवर कापायचा असतो, कोपरापासून चापाच्या बोटापर्यंत. पण तिला चकित करायचं होतं ना! म्हणून ती रेडिओवर हॉकीचा सामना ऐकता ऐकता खुर्चीत पेंगली, तेव्हा मी सुतळीने माप घेतलं. त्या मापावर दस्ता असा काही बसला, की तिने बंदूक खांद्याला लावली आणि जणू ती तिथेच उगवली.

माझ्या मनात काय होतं, ते सांगतो. शनिवारी दोघांनी लाकूडतोडीच्या जुन्या वाटेने तित्तरांमागे जायचं, पुढे कुत्री, मागे आम्ही. हंगामाचा पहिला दिवस उजाडला. मी मुद्दाम बाहेर पडून कानस साफ करत बसलो, म्हणजे ही विचारेल, येतोस का? ही दारात हातमोजा शोधत बराच वेळ रेंगाळली आणि मग निघून गेली! सोबत पतात. माझी कुत्री, लुजेर, मी भाकरी घालून वाढवलेली, आणि तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. संध्याकाळी दोन तित्तर, गाल लाल, आणि माझ्या ताटात सकाळची गार धिरडी, आपली प्लोय.

तेव्हापासून रोज हेच. मला हेवा वाटतो. स्पष्टच लिहितो, तुमच्याशी काय लपवायचं? तित्तरांचा नाही, त्या बंदुकीचा. माझ्याच हातांनी केलेली ती मेली सडपातळ वस्तू दिवसभर तिच्या खांद्यावर मिरवते आणि मी इथे घेवडा शिजतोय का ते बघतो. दुकानदारीण झेलिया मला म्हणाली, "काय देखणी बंदूक हो तुमच्या बायकोची! कुठून आणली?" तुमच्या बायकोची! माझा अगदी तिळपापड झाला. मी म्हटलं, "असेल कुठूनतरी," आणि मीठ न घेताच घरी आलो.

गेल्या मंगळवारी देलविना चर्चच्या बायकांबरोबर रजया शिवायला गेली. मी ती बंदूक उचलली आणि रानात सटकलो. (पतात आली नाही. दारातच बसून राहिली, चहाडखोर.) ऑल्डरच्या झुडपातून एक तित्तर भुर्रकन उठला, मी झटकन नेम धरला आणि चाप ओढला. आता तुम्हीच सांगा, माझे हात केवढे! एवढ्याशा दस्त्याने माझा अंगठा सरळ तोंडापाशी येतो, हे मला, कारागिराला, आधी सुचू नये? वर मीच तिला हलकी केलेली, म्हणजे धक्का दुप्पट. अंगठा नाकावर, मी चिखलात, तित्तर सीमेपलीकडे न्यू ब्रन्सविकला.

नाक म्हणजे काय विचारता, वांगं झालं. झेलियाला सांगितलं, दार लागलं. तिने एकदा नाकाकडे पाहिलं, एकदा माझ्या लांब हातांकडे पाहिलं आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडली, "अहो, हे तर आखूड दस्त्याचं नाक! कुणाची बंदूक लांबवलीत, अल्फे?" लोक हसून हसून पिंपांवर आडवे झाले. देलविनाने मात्र बर्फ दिला आणि बंदूक पुसून ठेवली. आधी बंदूक पुसली, मग बर्फ दिला, खरं म्हणजे.

असो. मला काही तक्रार नाही. गुडघ्याला जपा.

तुमचा,
अल्फे

ता. क. एक किरकोळ काम आहे. रविवारी शिकार बंद, ती घरीच असते. तेव्हा फोन करा आणि आपल्याच मनात आल्यासारखं तिला म्हणा, अल्फेलाही ने की गं कधी सोबत. मी सांगितलं असं सांगू नका.

ता. क. तिकीट शोधायला उठलो आणि पत्र टेबलावर राहिलं. देलविनाने सगळं वाचलं. मला वाटलं, आता हसेल. पण ती म्हणाली, "अरे, मला वाटलं, तुला तुझ्या कानशी-करवतीच्या कामात शांतता हवी म्हणून तू मला बंदूक देऊन बाहेर घालवलंस. त्या दिवशी मी दारात किती वेळ थांबले! हातमोजा खिशातच होता."

ता. क. तेव्हा फोन नको. शनिवारी दोघं जातोय. नाकाची सूज उतरेपर्यंत माझ्या हाती बंदूक नाही, नुसती पिशवी, असं तिने ठरवलंय आणि मला मान्य आहे. पतात मात्र तिच्याच बाजूने चालणार असं दिसतं. फोन केलातच, तर कुत्रीला द्यायला सांगा.