शिकारीची सॅक

३ मार्च, सिद्धेश्वर

आज कामावर रुजू झालो. पगार पाठीवर सॅक घेऊन फिरण्याचा, हे आमच्या गावी, हट्ट्यात, सांगितलं तर लोक मलाच दवाखान्यात दाखवतील.

सकाळच्या एसटीने औंढ्याला उतरलो, तिथून माणिकरावांची जीप घ्यायला आली. माणिकराव म्हणजे आता माझे मालक. खडी क्रशरचा धंदा, पोट पुढे आणि मन मोठं. धरणाच्या पाण्याकडे तोंड करून टेकडावर त्यांचं फार्महाऊस आहे. मागच्या अंगाला माझी खोली. कॉट, पंखा आणि खिडकीतून थेट पाणी. नांदेडच्या दवाखान्यात चार वर्षं जखमा धुऊन ज्याच्या नाकात स्पिरिट बसलंय, त्याला ही हवा म्हणजे सुट्टीच.

माणिकराव जूनमध्ये आफ्रिकेत शिकारीला जाणार आहेत. इथं ससा मारला तरी जेलात जावं लागतं, तिथं रीतसर परवाना काढून हरीण मारता येतं, असं ते सांगतात. दिवसभर पायी फिरायचं, तर सोबत सामान घेणारा आणि मलमपट्टी जाणणारा माणूस हवा. नीट जमलं तर मलाही नेणार आहेत. पासपोर्टचा अर्ज आजच भरून घेतला. आमच्या घरात मुंबईच्या पलीकडे कुणी गेलेलं नाही. आई आत्ता शेजारणींना सांगत सुटली असेल.

स्वयंपाकाच्या पद्माबाईंनी पहिल्याच दिवशी ठेचा वाढून परीक्षा घेतली. पास झालो.

५ मार्च

आज सॅक भरली. तिथल्या कॅम्पवाल्यांनी दिवसभराच्या पिशवीत काय काय असावं ते कळवलंय आणि माणिकरावांनी ते शाळेच्या कवितेसारखं पाठ केलंय. पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या. दुर्बीण. चाकू, दोरी, लायटर, डोक्याला बांधायची बॅटरी. जादा मोजे, पातळ रेनकोट, उन्हाचं मलम. टॉयलेट पेपर पाहून पद्माबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. माणिकरावांनी पदरचे फुटाणे आणि शेंगदाण्याची चटणी घातली.

औषधांची पेटी मी स्वतः लावली. जाड गॉज, दाबून बांधायचं मोठं बँडेज आणि हातपाय आवळून रक्त थांबवायचा पट्टा. शिंग लागलं, चाकू लागला, तर सगळ्यात आधी हेच हाताला लागलं पाहिजे, म्हणून पेटी अगदी वर ठेवली. माणिकराव खूश झाले.

उद्यापासून रोज सकाळी धरणाच्या काठाने चालायचं. आत्तापासून पाठीला सवय झाली की तिथं तकलीफ होणार न्हाई, असं त्यांचं म्हणणं. पाठ माझी आहे, ही गोष्ट वेगळी. बंदुकीऐवजी त्यांनी तेवढ्याच वजनाचा सागाचा दांडा करून घेतलाय. तो खांद्यावर टाकून ते म्हशींवर नेम धरतात.

९ मार्च

पाणी ओसरून गाळाची जमीन उघडी पडली आहे. तिथं टरबुजांचे वेल आणि कडेला कोवळं गवत. गवतावर रखमाजी नावाच्या मेंढपाळाच्या मेंढ्या असतात. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर घोंगडी, मिशा पिळदार. एका वाकड्या बाभळीखाली त्यांची बैठक. बायको सत्यभामाबाई वर पालावर कोकरं सांभाळते.

आज त्यांनी माझी सॅक एका हाताने उचलून पाहिली आणि विचारलं, "काय घेऊन फिरून राहिले भाऊ? लगीन हाय का कुनाचं?" मी आफ्रिकेचं सांगितलं. ते बराच वेळ हसले. मग मेंढीचं दूध घातलेला चहा दिला. आता रोज तिथं थांबायचं ठरलंय. मी त्यांना काका म्हणतो.

१८ मार्च

ऊन पेटलंय. खांद्यांची सालं निघाली. आज मी एक युक्ती केली आणि तिचा मला अभिमान आहे.

वारंगा फाट्यावरून येताना जीपमध्ये पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्यांचा ढीग साठला होता. सॅकमधलं सगळं सामान काढलं, कॉटखाली ट्रंकेच्या मागे सारलं, आणि सॅकमध्ये रिकाम्या बाटल्या ठासून भरल्या. बाहेरून पाहावं तर सॅक गच्च टम्म. वजन पाखराएवढं. बाहेरच्या खिशात दुर्बीण, फुटाणे आणि माणिकरावांपुरतं पाणी. त्यांना तेवढंच लागतं, बाकीचं आजवर कधी मागितलेलं नाही.

औषधांची पेटी ठेवावी की काढावी, यावर क्षणभर थांबलो होतो. पण सगळ्यात टोचायची ती तीच. सिद्धेश्वरच्या काठावर कुठला गेंडा येऊन बसलाय? आफ्रिकेत भरू.

माणिकराव म्हणाले, पोरा, आता तुझी चाल सुधारली.

२६ मार्च

रखमाजीकाका गेले.

सकाळी नऊच्या सुमारास आम्ही काठाने येत होतो. माणिकराव नेहमीसारखे मागे. टरबुजाच्या वेलांतून कुत्रं भुंकलं आणि माणसाचा आवाज आला. मी पळालो. रानडुकराने काकांची मांडी फाडली होती. ते बाभळीला टेकून बसले होते, दोन्ही हातांनी मांडी धरून, आणि बोटांमधून रक्त उसळत होतं. मला पाहून त्यांना बरं वाटलं. त्यांनी अगदी हळू, तंबाखू मागावी तसं विचारलं, "बांधायला काही हाय का, भाऊ?"

मी शर्ट काढून बांधला. जीप खाली यायला वेळ लागला. डांबरी रस्ता लागायच्या आधीच ते माझ्या मांडीवर गेले. माझ्याजवळ होतं ते सगळं मी केलं.

२९ मार्च

माणिकरावांनी विचारलं की बँडेज वापरलंस ना. मी हो म्हणालो. पण रक्त धरलं नाही, जखमच तशी होती, असंही म्हणालो. औंढ्याच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय की लगेच घट्ट आवळलं असतं तर माणूस दवाखान्यात जिवंत पोचला असता. माणिकराव त्यांच्याशीच भांडले. माझा पोरगा दवाखान्यात शिकलेला हाय, सगळं सामान संगं होतं, म्हणाले. आता सगळ्या गावात तेच सांगून राहिलेत.

दुपारी सत्यभामाबाई आल्या. रडल्या नाहीत. माझा शर्ट धुऊन, घडी करून आणला होता. डाग पुरता निघाला नाही म्हणून त्यांनी माझी माफी मागितली. माझी.

मग खाली बसून त्यांनी एवढंच विचारलं, "शेवटाला काही मागितलं का वो त्याहीनं?"

मी म्हणालो, नाही मावशी, काहीच मागितलं नाही, शांत गेले.

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तुमी जवळ होता हे बरं झालं, म्हणाल्या. त्या गेल्यावर मी शर्ट खुंटीला अडकवला.

१ एप्रिल

चालणं पुन्हा सुरू झालं. आज सॅक खरी भरली. सगळं सामान कॉटखालून काढलं, पेटी वर ठेवली, दोनदा तपासलं.

बाभळीजवळ सॅक एकदम जड झाली. कुणी मागून दोन्ही खांदे धरून उभं राहू पाहावं तशी. पाठ ओली झाली, घामापेक्षा गरम. आणि उजव्या कानाशी काकांनी विचारलं.

तेच. तेवढ्याच हळू.

माणिकराव पुढे येऊन म्हशींवर नेम धरत होते. त्यांना काही ऐकू आलं नाही. खोलीवर येऊन सॅक उघडली तर आत रिकाम्या बाटल्या. सगळं सामान कॉटखाली, ट्रंकेच्या मागे, मी मार्चमध्ये ठेवलं होतं तसंच.

२ एप्रिल

पुन्हा भरली. पद्माबाईंना समोर बसवून भरली. बाभळीपाशी पुन्हा तेच. घरी येऊन उघडली तर बाटल्या.

पद्माबाई म्हणाल्या, प्रज्ञेशभाऊ, ती सॅक माझ्या पडवीत ठेवू नका, खालून गळते. मी पाहिलं. फरशीवर गाळाचं पाणी होतं, लालसर. त्यांनी मला विचारलं की तुमी काहून असे वाळून चालले. लिंबू उतरून टाकते म्हणाल्या. लिंबाने काय होणार?

४ एप्रिल

२६ तारखेचं पान वाचलं. 'माझ्याजवळ होतं ते सगळं मी केलं' हे खोटं आहे. इथं तरी खरं लिहितो.

काकांनी मागितलं तेव्हा मी सवयीने सॅक उघडली. पेटी वर असायची, तिथं हात घातला. बाटल्या वाजल्या. मागे माणिकरावांचा दांडा दगडावर आपटत जवळ येत होता. त्यांनी आत पाहिलं असतं तर नोकरी गेली असती, आफ्रिका गेली असती.

मी आधी चेन लावली.

मग शर्ट काढला. त्या दोन गोष्टींच्या मध्ये किती वेळ गेला ते मला माहीत आहे, कारण चेन बाटलीच्या बुडात अडकली होती आणि मी ती सोडवत बसलो. दोन्ही हातांनी. काका माझ्या हातांकडे बघत होते. त्यांना वाटत असेल, मी त्यांच्यासाठी काहीतरी काढतोय.

दवाखान्यात मी शेकडो जखमा आवळल्या आहेत. पहिल्या क्षणांची किंमत मला कुणी शिकवायला नको. मी नीच माणूस आहे. इतकं लिहूनही झोप येत नाही.

६ एप्रिल

सत्यभामाबाई मेंढ्या घेऊन स्वतः बाभळीपाशी येतात आता. मला पाहून हाक मारतात. चहा देतात, तोच, मेंढीच्या दुधाचा. आज सांगायला तोंड उघडलं. माणिकराव आले आणि मी चहा चांगला झालाय असं म्हणालो.

पाठीवरून आवाज आला. त्यांच्या समोर. त्यांच्या नवऱ्याचा आवाज, आणि त्या चुलीत काटक्या सारत राहिल्या. फक्त मलाच—

सॅक टाकून द्यायला पाण्यात फेकली होती. खोलीत आलो तर कॉटवर होती.

७ एप्रिल

पासपोर्ट आला. माणिकरावांनी पेढे वाटले. पहिला पेढा माझ्या तोंडात घातला. गिळला नाही.

धुतलेला शर्ट खुंटीला आहे. डाग वाढलाय. हात लावला तर— ओला.

८ एप्रिल

तो आवाज दिवसभर विचारतो आता. जेवताना. पाणी पिताना. बांधायला काही—

आहे म्हणालो. मोठ्याने म्हणालो. पद्माबाई घाबरून बाहेर आल्या.

उद्या सांगणार. मावशींना एकटं गाठून. मग नोकरी जाऊ दे. वही सोबत घेतो, तोंड नाही उघडलं तर हेच त्यांच्या हातात देईन. त्यांना वाचता येत नाही, कुणाकडून तरी वाचून घेतील.

९ एप्रिल, बाभळीखाली

एकटाच आलो. सॅक भरून. सकाळचं ऊन आहे, मेंढ्या लांब आहेत, मावशी अजून वरच्या पायवाटेवर दिसतात.

आवाज आला. मी सॅक उतरवून उघडली. आणि आज सामान आहे. पेटी वर आहे. सगळं आहे.

समोर कुणी नाही. फक्त बाभळीच्या बुंध्याशी माती काळी होत चालली आहे. मी गॉज घेऊन हात पुढे केला आणि हाताखाली मांडी लागली. गरम. दिसत नाही, पण आहे. पट्टा आवळला, तो बसला. बँडेज बांधलं, ते हवेत गोल उभं राहिलं. डाव्या हाताने दाबून धरलंय. रक्त थांबतंय. थांबतंय खरंच.

आवाज बंद झाला. पहिल्यांदा. काका, धरलंय मी.

वही मांडीवर आहे. उजव्या हाताने लिहितोय. मावशी येत आहेत.

मागे दगडावर दांडा वाजला.

माणिकराव. इकडेच— आज यायचे नव्हते ते.

सॅक उघडी पडली आहे. आत पाहिलं.

बाटल्या आहेत. सगळ्या रिकाम्या. आत्ता तर सामान—

मावशी एका बाजूने. ते दुसऱ्या. पासपोर्ट खिशात आहे, कशाला आणला मी—

डावा हात उचलायचा नाही. उचलला तर रक्त पुन्हा— तो उठतोय. सॅककडे जातोय. मी नाही, तोच.

उजवा लिहीत राहिला पाहिजे. लिहीत राहिला तर चेनकडे जाणार नाही. एकाच हाताने चेन लागत नाही, अडकते, दुसरा लागतो. म्हणून लिहायचं. काहीही लिहायचं. मावशी, त्यांनी मागितलं होतं. शांत नव्हते गेले. त्यांनी बांधायला मागितलं होतं, आणि माझ्याजवळ, मावशी, मी आधी